१९४५ सालचं न सापडणारं वलय

झाडाच्या खोडात दर वर्षी एक वलय वाढतं, हे आपण शाळेतच शिकतो. एखाद्या वर्षी ते वाढतच नाही, हे मात्र आपल्याला फारसं कुणी सांगत नाही. खरं तर वृक्षवलयांचा अभ्यास करणाऱ्यांचं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात रंजक काम इथूनच सुरू होतं. जे आहे ते मोजता येतं, पण जे नाही ते नाही हे आधी ओळखावं लागतं आणि मग ते का नाही याचा शोध घ्यावा लागतो.

नॉर्वेच्या पार उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताच्याही बरंच वर, फिनमार्क नावाचा प्रांत आहे. तिथे आल्टा गावाजवळ समुद्र डोंगरांच्या आत घुसून एक मोठी खाडी तयार झाली आहे आणि त्या खाडीला कोफ्योर्ड नावाचा एक छोटा फाटा फुटतो. दोन्ही बाजूंना चढे डोंगर, उतारांवर पाइन आणि बर्चची झाडं, खाली काळंशार शांत पाणी. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत इथे सूर्य मावळत नाही. लोक मासे धरायला येतात, डोंगर चढायला येतात, हिवाळ्यात आकाशातला ध्रुवीय प्रकाश बघायला येतात. बाहेरून येणाऱ्याला हे माणसाचा हात न लागलेलं रान वाटेल.

जर्मनीतल्या माइंझ शहरात योहानेस गुटेनबर्ग विद्यापीठ आहे. तिथल्या क्लाउडिया हार्टल या संशोधक कोफ्योर्डच्या पाइनवृक्षांपाशी गेल्या त्या हवामानाच्या शोधात. युद्धाचा विषय त्यांच्या डोक्यातही नव्हता. खोडांतून काढलेले लाकडाचे नमुने तपासताना त्यांना काही झाडांत १९४५ सालचं वलय सापडेना. ते अरुंद नव्हतं, अस्पष्टही नव्हतं, नव्हतंच. एका झाडात तर १९४५ पासून पुढची तब्बल नऊ वर्षं वाढीची काही खूणच नव्हती.

हार्टल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ च्या एप्रिलमध्ये व्हिएन्नाला भरलेल्या युरोपीय भूशास्त्र परिषदेत हे काम मांडलं आणि पुढच्या वर्षी त्याचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. मला हा अलीकडच्या काळातला फार मोलाचा शोध वाटतो. युद्धाची एक नवी गोष्ट कळली म्हणून तर वाटतोच, पण ती ज्या रीतीने कळली त्यासाठी जास्त. म्हणून आधी त्या रीतीबद्दल सांगतो.

खोडाची साल आणि लाकूड यांच्या मधे जिवंत पेशींचा एक अतिशय पातळ थर असतो. त्याला कॅम्बियम म्हणतात. वाढीचा हंगाम सुरू झाला की हा थर आतल्या बाजूला लाकडाच्या नव्या पेशी तयार करू लागतो. हंगामाच्या सुरुवातीच्या पेशी मोठ्या आणि पातळ भिंतींच्या, म्हणून लाकूड फिकट दिसतं. शेवटच्या पेशी लहान आणि जाड भिंतींच्या, म्हणून गडद. फिकट आणि गडद मिळून एक वलय, म्हणजे एक वर्ष. ते वाचण्यासाठी झाड तोडावं लागत नाही. हाताने फिरवायचा एक पोकळ गिरमिट असतो. तो खोडात गाभ्यापर्यंत नेला की सुमारे पाच मिलिमीटर जाडीची लाकडाची कांडी बाहेर येते. पाइन आपलं ते भोक राळेने स्वतःच बुजवून टाकतं. कांडी लाकडी खाचेत चिकटवायची, पेशी दिसू लागतील इतकी गुळगुळीत घासायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक वलय मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजायचं.

पण नुसती मोजणी करून भागत नाही. सालीकडून आत मोजत गेलात आणि वाटेत एक वलय गहाळ असेल, तर त्याच्या आतली सगळी वर्षं एका घराने सरकतात आणि ते तुमच्या लक्षातही येत नाही. यावरचा उपाय अमेरिकेतल्या ॲरिझोनात अँड्र्यू एलिकॉट डग्लस यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळवला. डग्लस मुळात खगोलशास्त्रज्ञ. सूर्यावरच्या डागांच्या चक्राचा पृथ्वीच्या हवामानाशी काही संबंध लागतो का, हे शोधताना ते झाडांकडे वळले. एका प्रदेशातल्या झाडांवर चांगली-वाईट वर्षं एकत्रच येतात, त्यामुळे रुंद-अरुंद वलयांची माळ झाडाझाडांत जुळली पाहिजे, हा त्यांचा पाया. दहा झाडांची माळ जुळते आणि अकराव्याची अमुक एका वर्षापासून एक घर सरकलेली दिसते, याचा अर्थ त्या वर्षाचं वलय अकराव्या झाडात नाही. हीच जुळणी वापरून डग्लस यांनी १९२९ मध्ये अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडल्या मूळ रहिवाशांच्या पडक्या वस्त्यांमधल्या तुळयांना नेमकी सालं दिली. कोफ्योर्डमधलं १९४५ हे साल पकडलं गेलं तेही याच रीतीने. शेजारपाजारच्या, दूरच्या झाडांशी माळ जुळवल्यावर रिकामी जागा बरोबर त्या वर्षावर येत होती.

आता हार्टल तिथे गेल्याच का होत्या? उत्तर स्कँडिनेव्हियातलं पाइन म्हणजे उन्हाळ्याच्या तापमानाची जवळजवळ दैनंदिनीच. आपल्याकडे झाडाची वाढ बहुतेक ठिकाणी पाण्यावर अडते. तिथे पाणी मुबलक असतं, अडतं ते उबेवर. उन्हाळा उबदार गेला की वलय रुंद आणि त्याचा गडद भाग दाट. थंड गेला की वलय अरुंद आणि विरळ. तलावांच्या तळाशी, थंड पाण्यात शतकानुशतकं न कुजता पडून राहिलेली जुनी खोडं जोडत जोडत ही दैनंदिनी फार मागे नेता येते. माइंझमधल्याच यान एस्पर यांच्या गटाने २०१२ मध्ये उत्तर स्कँडिनेव्हियातल्या उन्हाळ्यांचा जो आलेख प्रसिद्ध केला, तो इसवी सनापूर्वी १३८ सालापासून सुरू होतो. दोन हजारांहून जास्त उन्हाळे, थर्मामीटरशिवाय. आज तापमान किती वेगाने वाढतं आहे हे सांगायला आधीचं तापमान माहीत असावं लागतं आणि ते सांगणाऱ्या थोड्या विश्वासू साक्षीदारांत ही पाइनची झाडं मोडतात.

म्हणूनच १९४५ ची पोकळी डोळ्यांआड करण्यासारखी नव्हती. झाडाने वलय धरलंच नाही, म्हणजे उन्हाळा भयंकर थंड असणार, हा पहिला तर्क. पण तसा उन्हाळा एकट्या कोफ्योर्डपुरता येत नाही. तो सगळ्या उत्तर स्कँडिनेव्हियातल्या झाडांत उमटला असता आणि तिथे तसं काही नव्हतं. दुसरा संशय किडींवर. या भागात काही वर्षांच्या अंतराने पतंगांच्या अळ्यांची धाड येते आणि डोंगरच्या डोंगर निष्पर्ण होतात. पण त्या अळ्यांचं मुख्य खाद्य बर्च. आणि पाइनवर एवढा घाव किडीने घातला असेल असं काही जुळेना. वणव्याची खूण जळक्या व्रणाच्या रूपाने खोडात राहते. तो प्रकारही नव्हता. निसर्गाच्या हातून घडू शकणाऱ्या गोष्टी अशा एकेक करून गळत गेल्या. मग एका सहकाऱ्याने सुचवलं की याचा संबंध टिर्पिट्झशी असू शकेल.

टिर्पिट्झ ही नाझी जर्मनीची सगळ्यात मोठी युद्धनौका. लांबी सुमारे २५१ मीटर, ३८ सेंटिमीटर व्यासाच्या आठ तोफा. १ एप्रिल १९३९ रोजी तिचं जलावतरण झालं. तिची जुळी बहीण बिस्मार्क १९४१ च्या मे महिन्यात अटलांटिकमध्ये बुडाली. तेव्हापासून टिर्पिट्झला मोकळ्या समुद्रात धाडणं जर्मनांना धोक्याचं वाटू लागलं. १९४२ च्या जानेवारीत तिला नॉर्वेला आणलं आणि मार्च १९४३ पासून ती कोफ्योर्डमध्ये नांगर टाकून होती. जवळच्याच समुद्रातून ब्रिटन आणि अमेरिकेची मालवाहू जहाजं सोव्हिएत रशियाच्या मुर्मान्स्क आणि अर्खांगेल्स्क बंदरांकडे जात. टिर्पिट्झला बाहेर पडून तोफ डागायचीही गरज नसे, नुसतं तिथे असणं पुरे होतं. १९४२ च्या जुलैमध्ये ती निघाली आहे या धास्तीनेच एका ताफ्याला पांगण्याचा हुकूम दिला गेला आणि पांगलेल्या जहाजांपैकी बरीचशी पाणबुड्यांनी आणि विमानांनी एकेकटी गाठून बुडवली. पस्तीसपैकी चोवीस गेली.

त्यामुळे ब्रिटनने या एका नौकेपायी जे जंग जंग पछाडलं त्याला तोड नाही. सप्टेंबर १९४३ मध्ये इवल्याशा पाणबुड्या खाडीत शिरल्या आणि त्यांनी तिच्या तळाखाली सुरुंग सोडले. ती जबर जखमी झाली, पण बुडाली नाही. तिची दुरुस्ती कुठवर आली, ती कधी हलते, हे लंडनला कळत होतं ते आल्टामधल्या एका तरुणामुळे. टोरस्टाइन राबी दिवसा तिथल्या रस्ते विभागाच्या कचेरीत काम करायचा आणि लपवलेल्या रेडिओवरून संदेश पाठवायचा. पुढे १९४७ मध्ये थोर हायरडालच्या प्रसिद्ध कॉन-टिकी तराफ्यावरून प्रशांत महासागर ओलांडणाऱ्या सहा जणांतही तो रेडिओ सांभाळायला होता.

३ एप्रिल १९४४ रोजी विमानवाहू जहाजांवरून उडालेल्या विमानांनी कोफ्योर्डवर अचानक झडप घातली. इशारा उशिरा मिळाल्याने धुराचा पडदा वेळेत उभा राहिला नाही. बॉम्ब नौकेवर पडले, सव्वाशेच्या आसपास खलाशी मेले. जर्मनांनी त्यातून धडा घेतला. काठाकाठाने आणि होड्यांवर धूर सोडणारी यंत्रं मांडलेली होतीच. पहाऱ्याची ठाणी सुधारली. १७ जुलैला विमानं पुन्हा आली ती मध्यरात्र उलटल्यावर. सूर्य न मावळणाऱ्या त्या दिवसांत रात्रीचा आडोसा कुणालाच नव्हता. पण विमानं पोहोचेपर्यंत खाडी पांढऱ्या धुक्याने गच्च भरली होती. वैमानिकांना खाली नौका जवळजवळ दिसलीच नाही आणि एकही बॉम्ब तिला लागला नाही. ऑगस्टच्या अखेरीस एकामागून एक हल्ले झाले, पुन्हा धूर. १५ सप्टेंबरला ब्रिटिश हवाई दलाची लँकास्टर विमानं रशियातल्या अर्खांगेल्स्कजवळच्या धावपट्टीवरून उडून आली, त्यांतली बहुतेक साडेपाच टनांच्या आसपास वजनाचा एकेक प्रचंड बॉम्ब घेऊन. तेव्हाही धुराने काही मिनिटांत खाडी झाकली. तरी एक बॉम्ब नौकेच्या पुढच्या भागात लागला आणि ती समुद्रात जाण्याच्या लायकीची राहिली नाही. ऑक्टोबरमध्ये तिला रखडत ट्रोम्सोजवळच्या होकोया बेटापाशी नेलं. १२ नोव्हेंबर १९४४ च्या स्वच्छ सकाळी तिथे धुराची सोय अजून सुरू झाली नव्हती. लँकास्टर विमानांनी तिला गाठलं आणि ती उलटली. तिच्यासोबत साधारण हजार माणसं गेली.

इतिहासाच्या पुस्तकांत हे सगळं आहे. नौकेवर नाना ग्रंथ आहेत, कोफ्योर्डमध्ये तिच्या नावाचं एक संग्रहालय आहे. धुराचा उल्लेखही ठिकठिकाणी येतो, पण वैमानिकांच्या डोळ्यांपुढचा अडथळा म्हणून. तो धूर खाली बसल्यावर कशावर बसला, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

युद्धकाळातल्या कागदपत्रांवरून कळतं की हा धूर क्लोरोसल्फ्युरिक आम्लाचा होता. हा बिनरंगी किंवा पिवळसर द्रव हवेत फवारला की हवेतल्या बाष्पाशी त्याची झटकन क्रिया होते आणि त्यातून सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन क्लोराइड, म्हणजे पाण्यात विरघळल्यावर जे हायड्रोक्लोरिक आम्ल होतं ते, तयार होतं. दोघांनाही पाण्याची ओढ जबरदस्त. हवेतला दमटपणा ओढून घेत त्यांचे अतिसूक्ष्म थेंब बनतात आणि हे थेंब प्रकाश सगळ्या दिशांना विखुरतात, म्हणून दाट पांढरं धुकं दिसतं. म्हणजे हवा जितकी दमट तितका पडदा दाट. समुद्राच्या काठच्या, डोंगरांनी वेढलेल्या खाडीत हा पडदा उत्तम टिकायचा. नौका लपवायला कोफ्योर्ड सोयीचं होतं त्याला हेही एक कारण. आणि नेमकं त्याच कारणाने ते उतारांवरच्या झाडांच्या मुळावर आलं. जे वाऱ्याने पांगायला हवं होतं ते आम्ल त्या खोलगटात साचून राहिलं, पाइनच्या सुयांवर बसलं आणि ते एकदाच नव्हे, तर इशारा वाजेल तेव्हा.

पाइनच्या सुया म्हणजे त्याची पानं. पिंपळासारखं किंवा बर्चसारखं पाइन दर वर्षी सगळी पानं नवी करत नाही. एक सुई तीन ते सात वर्षं झाडावर टिकते. थंड प्रदेशात हा हिशेब शहाणपणाचा आहे. इतक्या छोट्या उन्हाळ्यात सगळी पानं पुन्हा उभारणं परवडणारं नसतं. पण याच काटकसरीमुळे आघात जास्त खोल जातो. बर्चची पानं जळली, तर पुढच्या वसंतात नवी येतील. पाइनच्या सुया जळल्या म्हणजे मागच्या कित्येक वर्षांची कमाई एका हंगामात गेली. सुया नाहीत तर प्रकाशसंश्लेषण नाही, प्रकाशसंश्लेषण नाही तर साखर नाही.

साखर टंचाईची असली की झाड ती कुठे खर्च करतं? आधी नव्या कळ्या आणि सुया, मुळं, जिवंत पेशींचा श्वास. खोडाचं नवं लाकूड या रांगेत शेवटी येतं. त्यातही लाकूड तयार होण्याचं काम शेंड्याजवळ आधी सुरू होतं आणि खाली खाली सरकतं. टंचाईच्या वर्षी ते बुंध्यापर्यंत पोहोचतच नाही. संशोधक गिरमिट लावतो ते छातीच्या उंचीवर, म्हणून नेमकं तिथलं वलय गहाळ सापडतं. झाड मेलेलं नसतं. ते जगण्यापुरतं खातं, वाढणं मात्र थांबवतं.

धुराचा मोठा मारा १९४४ च्या उन्हाळ्यात आणि त्याच्या शेवटी झाला. मग पोकळी १९४५ ची कशी? सत्तर अंश अक्षांशावर पाइनचं बहुतेक लाकूड जून-जुलैत तयार होऊन जातं. ऑगस्ट-सप्टेंबरात सुया गेल्या तरी त्या वर्षाचं वलय तोवर पुष्कळसं झालेलं असतं. हिशेब चुकवावा लागतो तो पुढच्या वर्षी. ना साठवणीतली साखर, ना नवी बनवायला सुया. हे गणित नौकेच्या इतिहासातल्या तारखांशी इतकं नेटकं बसतं की मला ते पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटलं.

पण तारखा जुळल्या म्हणून शास्त्रज्ञ थांबत नाहीत. धूर खरोखर कारण असेल तर नौकेपासून दूर जावं तसा परिणाम कमी होत गेला पाहिजे. म्हणून नांगराच्या जागेपासून वेगवेगळ्या अंतरांवरची झाडं तपासली गेली. जवळच्या झाडांत सगळ्यात जास्त वलयं गहाळ. पुढे वलयं आहेत पण केसासारखी बारीक, नजरेतून सुटावीत अशी. आणि सुमारे चार किलोमीटरवर गेल्यावर कुठे परिणाम न दिसणारी झाडं भेटू लागली. थंडी असं अंतर मोजून येत नाही, कीडही नाही. नऊ वर्षं न वाढलेल्या त्या झाडाला पूर्ववत वाढायला तीस वर्षं लागली. म्हणजे टिर्पिट्झचे भंगार तुकडे विकून झाले, तिच्यावरचे चित्रपट येऊन गेले, तरी ते झाड तिच्या धुरातून सावरत होतं. ते आजही उभं आहे आणि हार्टल यांनी त्याचं वर्णन मोठ्या कौतुकाने केलं आहे.

माणसांना हे तेव्हा दिसलं नसेल का? कोफ्योर्डच्या परिसरातल्या माणसांचं त्या हिवाळ्यात काय झालं ते पाहिलं की याचं उत्तर मिळतं. १९४४ च्या शरदात सोव्हिएत सैन्य पुढे येऊ लागलं आणि माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने फिनमार्क प्रांत पद्धतशीर जाळत नेला. घरं, गोठे, पूल, होड्या. सुमारे पन्नास हजार लोकांना सक्तीने दक्षिणेकडे हलवलं. हजारो जण गुहांमध्ये आणि मातीच्या झोपड्यांमध्ये लपून राहिले. कोफ्योर्डच्या वरच्या हाल्दे शिखरावर ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासासाठी १८९९ मध्ये बांधलेली वेधशाळा होती. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रामुळे ध्रुवांकडे वळतात आणि त्यातून हा प्रकाश उजळतो, ही कल्पना मांडणारे क्रिस्टियान बिर्कलंड यांचं काम तिथे चाललं होतं. तीही त्या आगीत जळाली. १९४५ च्या उन्हाळ्यात परतणाऱ्यांपुढे राखेतून घर उभं करण्याचा प्रश्न होता. उतारावरचं पाइन वाढतंय की नाही हे बघायला फुरसत कुणाला असणार? नोंद करणारे विखुरले होते आणि नोंद ठेवण्याच्या जागा जळाल्या होत्या. या एका गोष्टीसाठी तरी झाडांशिवाय दुसरा दप्तरखाना उरला नव्हता.

हवामानशास्त्राच्या दृष्टीने या शोधात एक सावधगिरीची खूण आहे आणि ती मला युद्धकथेइतकीच महत्त्वाची वाटते. समजा, कुणी कोफ्योर्डच्या जवळच्या उतारावरचीच झाडं घेतली असती आणि तेवढ्यावरून उन्हाळ्यांचं तापमान काढलं असतं. आलेखात १९४५ मध्ये खोल दरी दिसली असती आणि त्यानंतरची कित्येक वर्षं थंड भासली असती. आपण त्याला हवामान म्हटलं असतं. अनेक जागांवरची झाडं ताडून पाहिल्याशिवाय एका रानाच्या साक्षीवर निकाल द्यायचा नाही, हा या विद्याशाखेचा नियम किती नेमका आहे ते इथे कळतं.

आपल्याकडेही ही विद्या आहे. उष्ण प्रदेशातल्या बऱ्याच झाडांत वलयं स्पष्ट नसतात, पण साग कोरड्या दिवसांत पानं गाळतो, वाढ थांबवतो आणि पावसासोबत पुन्हा सुरू करतो. त्यामुळे त्याची वलयं ठसठशीत असतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९८० च्या दशकातच ठाणे परिसरातल्या सागाची वलयं हवामानाशी ताडून पाहिली होती. पुढे त्याच संस्थेतल्या हेमंत बोरगावकर आणि सहकाऱ्यांनी केरळातल्या सागावरून १४८१ पासून पुढची पाच शतकांहून लांब माळ तयार केली आणि तीत मान्सून हुकल्याची वर्षं ओळखून दाखवली. सागाच्या बाबतीत माणसाचा हात वेगळ्या तऱ्हेने उमटतो. शेजारची झाडं तोडली गेली की उरलेल्या झाडाला एकदम ऊन आणि पाणी जास्त मिळतं आणि त्याची वलयं काही वर्षं अचानक रुंदावतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतातल्या जंगलांतून लष्करासाठी लाकडाची प्रचंड तोड झाली, हे वनविभागाच्या इतिहासात नोंदलेलं आहे. तेव्हाचे उभे साग त्या तोडीचीही नोंद बाळगून असतील. ती वाचताना चांगल्या पावसाची वर्षं समजण्याची चूक टाळावी लागेल.

युद्धाचे काही ठसे तर एका रानापुरतेही राहिले नाहीत. १९५० च्या दशकापासून अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी हवेत केलेल्या अणुस्फोटांमुळे वातावरणातला किरणोत्सारी कार्बन-१४ वाढत गेला. १९६३ मध्ये हवेतल्या चाचण्यांवर बंदीचा करार झाला त्या सुमाराला उत्तर गोलार्धात त्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं होतं. झाडं कार्बन हवेतूनच घेतात, म्हणून त्या काळात वाढणाऱ्या प्रत्येक झाडाच्या त्या वलयांत हा वाढीव कार्बन आहे. कोफ्योर्डच्या पाइनमध्ये आहे आणि आपल्या सह्याद्रीतल्या सागातही आहे. ज्या झाडांची वलयं मोजता येत नाहीत त्यांचं वय ठरवायला शास्त्रज्ञ आता याच खुणेचा उपयोग करतात.

काही ठिकाणी मात्र झाडही उरत नाही. फ्रान्समधल्या व्हर्दंच्या रानात पहिल्या महायुद्धानंतर शिल्लक राहिलेले दोन लाखांच्या आसपास रासायनिक तोफगोळे १९२० च्या दशकाच्या अखेरीस एका मोकळ्या जागी जाळून नष्ट केले गेले. भोवती पुढे घनदाट जंगल उभं राहिलं, ही जागा मात्र उजाडच राहिली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत तिथल्या मातीत काही ठिकाणी वजनाच्या सतरा टक्क्यांपर्यंत आर्सेनिक आढळलं. एक चिवट गवत, एक शेवाळ आणि एक दगडफूल एवढीच तिथे तग धरून होती. तिच्या तुलनेत कोफ्योर्ड नशीबवान. तिथलं आम्ल पावसाने वाहून गेलं, मुळं जिवंत राहिली आणि सुया पुन्हा आल्या.

युद्धाचा माग वलयांतून काढण्याच्या या कामाला हार्टल यांनी युद्ध-वृक्षकालशास्त्र असं नावच दिलं आहे आणि असे माग इतरत्रही सापडतील अशी त्यांची अपेक्षा आहे. ती रास्त आहे. कोफ्योर्डला येण्याआधी, १९४२ मध्ये, हीच नौका ट्रॉन्डहाइमजवळच्या फेट्टेनफ्योर्डमध्ये डोंगराच्या कुशीत दडवलेली होती आणि तिथेही हल्ले आले की धूर सोडला जाई. युरोपातली अनेक बंदरं आणि कारखाने त्या काळात कृत्रिम धुराने झाकले जात. कुठे कोणतं रसायन वापरलं, किती दिवस वापरलं, याच्या नोंदी लष्करी दप्तरांत आहेत. त्या उघडायच्या, नकाशावर जागा नक्की करायची, जवळची आणि दूरची अशी दोन्हीकडची जुनी झाडं निवडायची आणि गिरमिट लावायचा. मात्र १९४४ साली पुरेशी मोठी असलेली झाडं आता म्हातारी होत चालली आहेत आणि दर हंगामात त्यांतली काही तोडली जात आहेत. कांड्या काढायच्या तर त्या आताच काढायला हव्यात.